मामांचा त्रास

उंदीर हा शब्द रामाजीच्या घरात कोणी तोंडातून काढायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. आणि पंचाईत अशी, की त्या घरात उंदरांशिवाय बोलण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं!

रामाजीचं म्हणणं असं, की त्यांना आपलं नाव बरोबर ऐकू येतं. ऐकलं की डूख धरतात. ज्यानं नाव घेतलं त्याचंच धुतलेलं धोतर, त्याचीच पासोडी हुडकून कातरतात. म्हणून त्यांना म्हणायचं मामा. 'मामा आले होते', 'मामांनी साबण नेला', 'मामा आज लय नाचून राहिले'. आता भंडाऱ्याकडच्या त्या भागात सुना सासूला आत्याबाई आणि सासऱ्यालाही मामाजी म्हणतात. पण 'जी' लावला की सासरा आणि 'जी' काढला की उंदीर, हे घरातल्या घरात कोणाला चुकत नव्हतं. घरातल्या घरात, बरं का.

घर म्हणजे दुर्गजवळच्या रिसाली गावातलं, बिसाहूचं मातीचं घर. दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, पुढं आंगण. रामाजीचा पोरगा देवीदास कारखान्याच्या भट्टीच्या उभारणीवर रिगर, म्हणजे अवजड लोखंड दोर-कप्पीनं वर चढवणारा, होता, आणि त्याला क्वार्टर आज मिळेल उद्या मिळेल असं चाललं होतं. तोवर बिसाहूनं आपल्या घराला लागून असलेलं हे रिकामं घर भाड्यानं दिलं. रामाजीलाही सिमेंटच्या गोदामावर चौकीदारी मिळाली. शेती भावाच्या स्वाधीन करून, बायको मैनाबाई आणि सून पंचफुला यांना घेऊन तो तुमसरच्या पल्याडून इकडं आला. सन अठ्ठावन्नची दिवाळी नुकतीच झाली होती.

त्या साली आजूबाजूच्या शेतांत धान उभंच राहिलं नाही. जमिनी कारखान्यात गेल्या, बांध मोडले, मोठमोठी यंत्रं आली आणि सगळं सपाट करून गेली. माणसांना मोबदला मिळाला. उंदरांना कोण देतो? ते उठले आणि गावात आले. बिसाहू छत्तीसगढिया माणूस, त्याला नाव घ्यायची काही भीड नव्हती. आंगणात बिडी ओढत तो मोठ्यानं म्हणायचा, "खेत चल दिस, त मुसवा मन कहाँ जाहीं?" शेतंच गेली तर उंदीर जातील कुठं, असं! रामाजी दातओठ खायचा. म्हणे, याचं काय जातं, लुगडी आमची फाटतात!

आणि फाटत होतीच. पण लुगड्यांचं दुःख एकवेळ सोसता येतं हो. तांदूळ पाखडायला घ्यावा तर सुपात तांदूळ कमी आणि काळ्या लेंड्या जास्त. वेचून वेचून मैनाबाईचे डोळे दुखायचे, आणि एवढं करून भात शिजला की एखादी लेंडी फुगून वर यायची. रामाजी तो घास ताटाबाहेर काढायचा आणि पुढचा घास गिळताना डोळे मिटायचा. पाण्याच्या माठावर त्यांचा मूत. देवापुढच्या दिव्यातली वात तेलासकट गायब. उशीला वास, चादरीला वास, अंगातल्या सदऱ्याला तोच आंबूस, उग्र वास. गोदामावर कोणी जवळ येऊन बोललं की रामाजी दोन पावलं मागं सरायचा. आपल्या अंगालाच तो वास येतोय असं त्याला वाटायचं. शी! माणसानं जगावं कसं अशा घरात?

मग एका सकाळी पंचफुला उठली तर अंथरुणात रक्त. ती पाच महिन्यांची पोटुशी, त्यामुळं मैनाबाई धावत आली. पाहिलं तर रक्त टाचेतून. उंदरानं टाच कुरतडली होती, चांगली रुपयाएवढी, आणि पोरीला जागही आली नव्हती. ते हलकट असं फुंकर घालत घालत खातात, की माणसाला गार गार वाटतं आणि झोप अजूनच लागते. पंचफुलानं टाच पाहिली आणि आंगणात जाऊन भडाभडा ओकली. ओकून झाल्यावर जी रडायला लागली ती थांबेचना.

"वरडू नको, माय," मैनाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "वरडलं का ते अजून करतेत. कोणाले सांगू नको, गप राह्य."

देवीदासला दाखवलं तर तो हसला. म्हणाला, "मामाले तुही टाच गोड लागली." असा नवरा!

दुपारी पंचफुला डोक्यावरचा पदर सारखा करत रामाजीपुढं येऊन उभी राहिली. "मामाजी, मले माह्या बाबाकडं पोचवून द्या. मी इथं नाही राहत."

लग्नात रामाजीनं पंचफुलाच्या बापाचा, शामरावाचा, हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चार माणसांदेखत सांगितलं होतं, 'तुमची पोरगी ते आता माही पोरगी.' परमुलखात नेतो म्हणून शामराव कां कूं करत होता, तेव्हा रामाजीनं हा शब्द दिला होता. आता सातवा महिना लागायच्या आत, रीत नाही भात नाही, पोर टाच गुंडाळून बापाच्या दारात उभी राहिली तर सोयरे काय म्हणतील? हेच म्हणतील, की रामाजीच्या घरात पोर नांदली नाही. आणि पोर गुणाची होती. तिनं राहावं, हसत राहावं, सातव्यात ओटी भरून साजरी जावी, एवढंच त्याला हवं होतं. त्याला स्वतःला पोरगी नव्हती.

"पंधरा दिवस दे मले," तो म्हणाला. "एक मामा घरात ठेवत नाही. नाही झालं तर मी स्वता पोचवतो."

ती म्हणाली, "मंग बाबाले चिठ्ठी तरी लिवू द्या."

पंचफुला चौथी शिकलेली. रामाजीला अक्षर येत नव्हतं, पण सून लिहिते याचा त्याला कोण अभिमान! दुसऱ्या दिवशी दुर्गला जाऊन त्यानं पोस्टकार्ड आणलं. ती लिहायला बसली, दोन ओळी लिहिल्या आणि थबकली. "मामाजी, लिवण्यातबी नाव नाही घ्याचं काय?"

"लिवण्यात तर बिलकुल नाही!" रामाजी म्हणाला. "कागद तर ते पयले खातेत."

तिनं मान डोलावली आणि कार्ड भरून टाकलं, अगदी कडेकडेनंही लिहिलं. रामाजीनं ते वहाणांची धूळ उडवत पुन्हा दुर्गला नेलं आणि आपल्या हातानं पोस्टाच्या डब्यात टाकलं.

आता वळूया मामांकडे. रामाजीनं पिंजरा लावला. पहिल्या दिवशी एक सापडला, मग त्यांना अक्कल आली. मिरच्यांची धुरी दिली, तर घरातली माणसं खोकून खोकून बाहेर आली आणि मामा वर आढ्यावर बसून राहिले. शेवटी दुर्गच्या बाजारातून काळ्या भुकटीचं औषध आणलं, कणकेच्या गोळ्या केल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या. दोन दिवसांत गोळ्या साफ. रामाजी खूश!

चौथ्या दिवशी वास सुटला. मेले होते, पण कुठं मेले ते कळेना. भिंतीत, कवेलूखाली, चुलीमागं, जिकडं नाक न्यावं तिकडून वास. तोंडात जिभेवर तो वास बसायचा, पाणी प्यालं तरी पाण्यालाही तोच. पाचव्या दिवशी पंचफुला परातीत कणीक मळत होती तर वरून काहीतरी टपकलं. तिनं वर पाहिलं, तर अजून टपकलं. पांढरं, वळवळणारं. कणकेवर, तिच्या मनगटावर, आणि एक केसात. अळ्या! पोरीनं परात भिरकावली आणि किंचाळत आंगणात जाऊन केस उपटायला लागली. मैनाबाईनं ती परात मातीनं घासली, राखेनं घासली आणि तरी शेवटी बिसाहूच्या बैलाला पाणी पाजायला देऊन टाकली.

पंचफुला त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "चिठ्ठी पोचली असन ना, मामाजी?" एवढंच विचारत राहिली.

तेव्हा मात्र रामाजीनं ठरवलं, आता वरवरचं काही करायचं नाही, घर खणून काढायचं. गोदामावर सुट्टी टाकली. बिसाहूला सांगितलं, तुह्या घराची भुई फोडतो, मागून सारवून देतो. बिसाहू स्वतःच सब्बल, म्हणजे आपली पहार, घेऊन आला. देवीदास ड्युटीवर गेला होता. मैनाबाईनं सामान आंगणात काढलं आणि पंचफुलाला वास लागू नये म्हणून बिसाहूच्या पडवीत बसवलं. सकाळची उन्हं आंगणात आली तेव्हा पहिला घाव पडला.

भुईखाली भुई नव्हतीच हो! नुसती भोकं, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. सब्बल घातली की हातभर आत जायची. एकेका बिळातून तांदूळ निघायचा, काळा पडलेला, बुरशी लागलेला, मुतानं ओला. रामाजी दोन्ही हातांनी तो उपसून टोपल्यात टाकत होता. तोंडाला फडकं बांधलं होतं, पण डोळ्यांना झोंबायचं त्याला काय करणार? चुलीमागच्या बिळात हात घातला तर काहीतरी मऊ आणि गरम लागलं. ओढून काढलं तर घरटं. मैनाबाईच्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या, कापूस, आणि त्यात आठ-दहा पिल्लं. केस नाहीत, डोळे नाहीत, नुसती लालगुलाबी कातडी, आणि कातडीखाली आतलं सगळं हलताना दिसत होतं. एक त्याच्या तळहातावरच वळवळलं. रामाजीला आपल्या हाताचीच घाण वाटायला लागली, मनगटापासून तोडून फेकावा असं वाटलं. मोठे उंदीर सुटले की बिसाहू काठी घालायचा, पचकन आवाज यायचा. भिंतीच्या फटीतून औषधानं मेलेले निघाले. त्यातला एक शेपटीला धरून ओढला तर शेपटी हातात आली आणि बाकीचा आतच राहिला. खरवडून काढावा लागला.

दुपार होईपर्यंत आंगणात ढीग लागला. साठ तरी असतील, जास्तच. मैनाबाई वळवळत बाहेर येणारं पिल्लू खराट्यानं पुन्हा ढिगात लोटत होती. रामाजी कोपरापर्यंत बरबटलेला, छातीवर शिंतोडे, पण मनातून हलका झाला होता. झालं! पंधराव्या दिवसाच्या आत झालं. शब्द राखला.

तेवढ्यात आंगणाच्या तोंडाशी माणसं उभी राहिली. शामराव, आणि त्याच्या मागं पंचफुलाचा थोरला भाऊ पुंडलिक. पुंडलिकाच्या हातात तेल पाजलेली काठी.

"या या, सोयरे!" रामाजीनं तोंडावरचं फडकं ओढलं आणि तशाच हातांनी पुढं झाला. "राम राम! चिठ्ठी भेटली म्हणा! पाहा ना, आताच..."

"लांब राहा," शामराव म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "माह्या जवळ येऊ नका तुमी. माही पोरगी कुठं हाये?"

रामाजी आपल्या हातांकडं पाहून ओशाळला. त्याला वाटलं, घाणीला भिऊन म्हणतोय. "आन वं, पाणी आन," तो मैनाबाईला म्हणाला. "सोयऱ्याहीले पाय धुवाले पाणी दे."

"ह्या घरातलं पाणी!" शामराव पचकन थुंकला, रामाजीच्या पायापुढं. "पुंडलिक, वाच ते. याच्या बायकोले बी ऐकू दे."

पडवीतून पंचफुला लंगडत लंगडत आली होती. बापाला पाहून ती हसली आणि मग थुंकी पाहून जागीच थांबली. पुंडलिकानं खिशातून कार्ड काढलं. अनेक हातांतून फिरून ते मऊ पडलं होतं. तो वाचायला लागला, आणि वाचताना त्याचा आवाज फाटत होता.

"बाबाला पंचफुलाचा नमस्कार. मी खुशाल नाही. इथं मामांचा फार त्रास आहे. दिवसा दिसत नाहीत, रात्री माझ्या अंथरुणात येतात. परवा पायाला तोंड लावलं, रक्त निघालं. आत्याबाईला सगळं माहीत आहे. त्या म्हणतात, ओरडू नको, कोणाला सांगू नको, ओरडलं की जास्त करतात. यांना सांगितलं तर हे हसतात. मला झोप येत नाही, अन्न जात नाही. पोटातल्या जिवाची भीती वाटते. न्यायला या."

उंदीर पुष्कळ म्हणून 'येतात', आणि सासरा वडीलधारा म्हणूनही 'येतात'. आमच्या भाषेची ही अशी खोड! रामाजीला अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा पहिल्यांदा त्याला काहीच वाटलं नाही. मग पायापासून डोक्यापर्यंत काहीतरी सरसरत वर गेलं, बिळात हात घातल्यावर जसं गेलं होतं तसंच. आपण म्हणजे ते? आपण, रात्री, सुनेच्या...

त्यानं मैनाबाईकडं पाहिलं. ती आता बोलेल, आता खराटा उगारून सोयऱ्यावर धावून जाईल, म्हणून पाहिलं. मैनाबाईच्या हातातून खराटा पडला होता. तिनं रामाजीकडं पाहिलं, त्याच्या चेहऱ्याकडं, मग त्याच्या हातांकडं. एक शब्द न बोलता ती पंचफुलाकडं गेली, तिचा दंड धरला आणि तिला ओढून आपल्या पाठीमागं घेतलं.

"अवं..." रामाजीच्या तोंडून एवढंच निघालं.

पुंडलिक काठी घेऊन पुढं सरला. तेव्हा कुठं पंचफुलाला वाचा फुटली. "दादा! नाही, दादा! मामा म्हणजे मामाजी नाही! मामा म्हणजे... मामा! ते मामा!" ती ढिगाकडं बोट करून ओरडत होती, पण त्या घरात शिकवलेला शब्द तिच्या तोंडाला असा चिकटला होता, की दुसरा निघेचना. आणि मग निघाला. "उंदीर! बाबा, उंदीर! उंदराले मामा म्हणतो ना आमी! नाव घेत नाही म्हणून! ते मेलेले उंदीर!" तिनं मैनाबाईचा हात झटकला, पाय पुढं केला आणि टाचेवरची चिंधी सोडून दाखवली.

शामरावानं टाच पाहिली. बारीक दातांच्या खुणा अजून स्वच्छ दिसत होत्या. मग त्यानं ढीग पाहिला. पुंडलिकानं कार्ड पुन्हा मनातल्या मनात वाचलं, त्याच्या घशातून विचित्र आवाज आला आणि तो मटकन खाली बसून हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. बिसाहूला काही कळलं नाही, पण काठी खाली आली हे पाहून तोही हसला. शामराव त्या घाणीतून तसाच पुढं आला आणि रामाजीच्या पायांवर वाकला.

"माफी करा, सोयरे. पोटात आग पडली होती."

"असू द्या, असू द्या," रामाजी म्हणाला. त्याला उठवायला हात लावावा म्हटलं, तर हात तसे. लावले नाहीत.

मैनाबाईनं बिसाहूच्या चुलीवर चहा केला. सगळे हातपाय धुवून पडवीत बसले. पंचफुला बापाला चिकटून बसली होती आणि किती दिवसांनी चुरमुरे खात होती. रामाजी म्हणाला, "आता घर साफ झालं, सोयरे. आता पोरीले कायचा तरास नाही. सातव्यात धाडतो, ओटी भरून."

शामरावानं बशी खाली ठेवली. "तुमच्यावर माहा भरवसा हाये," तो म्हणाला. "पण कार्ड मी एकट्यानं नाही ऐकलं ना. पोस्टमननं दुकानावर बसून वाचलं. बाया होत्या, बाप्ये होते. अख्ख्या गावानं ऐकलं."

"मंग गावाले सांगा ना, उंदीर होते म्हणून!"

"सांगतो." शामरावाचा आवाज खाली गेला. "पण पोरीले इथंच ठेवून जाऊन सांगतलं, तर कोण आयकन? म्हणतीन, बाप गेला, चहा पेला अन् पोर तिथंच सोडून आला. उंदराची कायनी सांगून राहिला म्हणतीन. मले न्यावंच लागते. तुमी मना करू नका."

रामाजीनं पंचफुलाकडं पाहिलं. ती चुरमुरे खायची थांबली होती, पण नाही म्हणत नव्हती. "घेऊन जा," तो म्हणाला.

उन्हं कलायच्या आत ते निघाले. जाताना पंचफुला पाया पडायला वाकली, आणि रामाजी नकळत एक पाऊल मागं सरला, तिला हात लागू नये म्हणून. ती तशीच वाकून जमिनीला हात लावून उठली.

बिसाहूनं ढीग टोपल्यांतून नेऊन दूर पुरला. घरात आता खुट्टसा आवाजही नव्हता. रामाजी आंगणातल्या दगडावर पुन्हा हात धुवायला बसला. मैनाबाई लोट्यानं पाणी ओतत होती, तो राखेनं कोपरापर्यंत घासत होता.

"तुले खरं वाटलं?" त्यानं विचारलं.

ती ओतत राहिली. "मी काही बोलली काय?"

"नाही बोलली. तिले वढून मागं घेतलं."

"पोटुशी पोर हाये ते. आधी तिले धरलं. मंग इचार केला."

"अन् इचारात काय निघालं?"

मैनाबाईनं लोटा पुन्हा बादलीत बुडवला. "मंग तिनंच सांगतलं ना," ती म्हणाली, "उंदीर म्हणून."

हात तर केव्हाचे स्वच्छ झाले होते. तरी रामाजीनं ते तसेच पुढं धरले आणि म्हणाला, "अजून वत."